चांदणीला कसर लागत नाही

पहिल्या दालनात तेवीस खोगिरं होती आणि तेविसांनाही भोकं पडलेली होती. लगाम एकोणीस, त्यांतल्या सोळांचं चामडं कुरतडलेलं. रिकिबी लोखंडाच्या आणि पितळेच्या, म्हणून शाबूत. घोड्याच्या तोंडाला चंदी बांधायचे दोन तोबरे, दोन्हींची चाळण झालेली. एक मखमली झूल, तिला चार ठिकाणी माझा हात आरपार गेला असता. आणि दालनाच्या मधोमध, लाकडी चौथऱ्यावर, पेंढा भरलेली एक पांढरी घोडी. तिच्याभोवती मी दोन फेऱ्या मारल्या. तिच्या कातड्यावर मला एकही भोक सापडलं नाही.

"काय मोजतेयस?" ताईनं विचारलं.

"भोकं."

"माझ्या लग्नात जिलब्या मोजत बसली होतीस. तेव्हाच म्हटलं होतं आईला, हिला दाखवून आणा कुठंतरी."

रेवा तिच्या कडेवर होती. अडीच वर्षांची, पण वजनानं दीड वर्षाच्या मुलीसारखी. ताईच्या खांद्यावर गाल टेकून ती घोडीच्या काचेच्या डोळ्याकडे बघत होती.

ताईचं सासर मानगिरीत. जुनं संस्थानी शहर. राजवाड्याच्या मागची पागा, जिथं एके काळी दरबारचे घोडे बांधत, तिथं आता अश्वविद्येचं संग्रहालय आहे. बाहेर तांबट आळी, त्यामुळे आतपर्यंत सतत ठोक-ठोक ऐकू येते. मी त्या वर्षी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन नागपूरच्या एका प्रयोगशाळेत लागले होते. गावोगावच्या विहिरींचं पाणी तपासायचं काम. दौऱ्यावरून परतताना वाटेत ताईकडे उतरले, तर ती म्हणाली, "उद्या शनिवार. आमच्याबरोबर चल पागेत."

कारण मला फोनवर कळलेलं होतं. रेवा चौदा महिन्यांची असताना चालायला लागली होती. मग एकदा मोठा ताप आला आणि ती उठून उभी राहीना. तीन डॉक्टर झाले. सगळ्या तपासण्या ठीक. तिघांनीही वाट बघायला सांगितलं. ताई शाळेत गणित शिकवते, तिचा कशावर चटकन विश्वास बसत नाही. पण वर्षभर वाट बघितल्यावर तिला कुणीतरी चांदणीचं, म्हणजे पागेतल्या या घोडीचं, सांगितलं, आणि ती आली.

त्या सकाळी दालनात आमच्याशिवाय पाच बायका होत्या. प्रत्येकीकडे एक मूल. कुणाचं बोलत नव्हतं, कुणाचं झोपेत दचकत होतं. भिंतीवरच्या भाल्यांकडे किंवा तसबिरींकडे कुणी बघत नव्हतं. सगळ्या घोडीच्या डाव्या बाजूला ओळ करून उभ्या होत्या, दवाखान्यात नंबर लावून थांबावं तशा.

दौलतकाका खराडे आतल्या खोलीतून आले. संग्रहालयाचे रखवालदार तेच आणि तिकीट फाडणारेही तेच. साठीचे, ताठ, पांढरीशुभ्र टोपी. त्यांचे वडील आणि आजोबा याच पागेत मोतद्दार होते, घोड्यांची देखभाल करणारे. काकांच्या हातात घोड्याचं अंग घासायचा खरारा होता. सगळ्यांसमोर त्यांनी घोडीच्या पाठीवरून, मग कुशीवरून, मग पोटाखालून तो सावकाश फिरवला. उन्हाच्या तिरिपेत पांढरी धूळ उडाली आणि बराच वेळ तरंगत राहिली.

"मेलेल्या घोडीला खरारा?" मी ताईला हळू विचारलं.

काकांनी ऐकलं. "मेली म्हणून काय झालं, बाळ? उभी तर आहे."

बायका हसल्या. मीही हसले.

मग एकेक मूल पुढं झालं. आईनं ते घोडीच्या पोटाखालून द्यायचं, पलीकडे काकांनी घ्यायचं. असं तीनदा. तिसऱ्या खेपेला काका पोटाच्या शिवणीत बोट घालत. चामड्याच्या दोरीची ती शिवण मधेच एका जागी उकललेली होती. त्यातून बोटाला लागेल तेवढी पांढरी भुकटी घेऊन ते मुलाच्या कपाळावर टेकवत, आणि मग जिभेवर.

"आ कर," ताई म्हणाली. रेवानं आ केला. तिला सवय झालेली होती. हा तिचा सहावा शनिवार होता, अकरा करायचे होते.

ओळ संपल्यावर मी वाकून शिवण बघितली. उघडी जागा माझ्या चार बोटांएवढी, म्हणजे सात सेंटीमीटर. माझ्या बोटांची मापं मला पाठ आहेत. आत पेंढा दिसत होता आणि पेंढ्यावर ती भुकटी, कडेला खड्यांसारखी चमकणारी.

"काका, हे आत कुणी भरलंय?"

"भरलेलं नाही. आहे." ते माझ्याकडे कौतुकानं बघत होते, चौकस पोरं त्यांना आवडत असावीत. "तू मघापासून मोजत होतीस ना? मग सांग, खोगिरं किती खराब?"

"सगळी."

"का?"

"कसर लागली."

"आणि ही? ऐंशी वर्षं उभी आहे. शेजारी तोबऱ्यांची चाळण झाली. हिला कसर का लागत नाही?"

ते समाधानानं हसले आणि त्यांनी चौथऱ्याकडे बोट केलं. घोडीच्या खुरांपाशी मेलेले पतंग पडले होते. मी मोजले, चौदा. शिवाय दोन झुरळं आणि एक पाल, पोट वर करून.

"रोज झाडतो," काका म्हणाले. "रोज येतात. हिच्या पायाशी येऊन जीव सोडतात. माणसांना कळत नाही, किड्यांना कळतं."

"आणि तुम्हाला काही त्रास?"

"मला?" त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर उघडले. "तीस वर्षं हिच्या अंगावर हात फिरवतोय. दवाखान्याची पायरी चढलो नाही."

त्यांच्या तळव्यांवर ज्वारीच्या दाण्यांसारखे कडक, बारीक कण होते. दाटीवाटीनं. मनगटाजवळ कातडीवर काळे-पांढरे शिंतोडे, पावसाचे थेंब पडून वाळावेत तसे.

"हे काय?"

"घट्टे. खराऱ्याचे. वडिलांनाही होते असेच."

असे तळवे मी कुठंतरी पाहिले होते. कुठं, ते त्या वेळी आठवेना. काकांनी कागदाच्या कपट्यात चिमूटभर भुकटी बांधून माझ्या हातात दिली. "घे. तुझंही लग्न ठरेल."

"तिला देऊ नका, काका," ताई म्हणाली. "ती नवऱ्याचे दात मोजेल."

पुडी मी पर्समध्ये टाकली.

घरी आलो तेव्हा अकरा वाजले होते. भाओजी कारखान्यात, सासूबाई मुलीकडे गेलेल्या. ताईनं वरण-भात कालवला. दोन घास खाल्ल्यावर रेवाला उलटी झाली. मग पुन्हा झाली. ताईनं शांतपणे तिचं तोंड पुसलं, फरशी पुसली, कपडे बदलले.

"डॉक्टरांना फोन करू?" मी विचारलं.

"नको. शनिवारी होतं असं. संध्याकाळपर्यंत थांबतं. काका म्हणतात, आतलं बाहेर पडतंय."

"दर शनिवारी?"

"पहिल्या वेळी नव्हतं झालं. पहिल्या वेळी तर घरी आल्यावर खुर्ची सोडून चार पावलं टाकली तिनं. चार. मी स्वतः बघितलंय, केतकी. वर्षभरात पहिल्यांदा. म्हणून तर जाते मी."

"आणि नंतर?"

ती रेवाचे केस विंचरत होती. "नंतर नाही टाकली," ती म्हणाली. "आता तर उभीच राहत नाही. फरशीला पाय लागला की रडते. तळपाय भाजल्यासारखे करते. काका म्हणतात, सुटण्याआधी दुखणं वाढतं."

तिनं फणी बाजूला ठेवली. फणीत केसांचा गुंताच होता, अडीच वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर मुळात असतील त्या मानानं फार. मी रेवाचा हात हातात घेतला. नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या. तळहाताची कातडी सोलवटलेली.

तेव्हा मला ते तळवे आठवले. आमच्या प्रयोगशाळेत कामावर रुजू होण्याआधी आम्हाला चित्रं दाखवली होती. खराब विहिरीचं पाणी प्यायल्यावर काय होतं, ते कळावं म्हणून. एका चित्रात म्हाताऱ्या बाईचे उघडे तळवे होते, ज्वारीचे दाणे पेरल्यासारखे.

मी उठून बॅग उघडली. पाणी तपासायची पेटी दौऱ्यावरून तशीच बरोबर होती.

"आता काय मोजणार?" ताई म्हणाली.

"बघते. रेवाला आतल्या खोलीत ठेव आणि गॅलरीचं दार उघड. मला एक लिटरची बाटली दे, फेकून दिली तरी चालेल अशी."

तिनं रेवाला निजवलं आणि ती गॅलरीत येऊन उभी राहिली. मी आधी नुसतं नळाचं पाणी घेतलं. पेटीतल्या छोट्या बाटलीत ओतलं, रसायनाच्या दोन पुड्या टाकल्या, झाकणात कागदाची पट्टी अडकवून झाकण लावलं. दहा मिनिटं थांबलो. पट्टी पांढरी राहिली.

"म्हणजे?"

"पाण्यात काही नाही. आता हे."

काकांची पुडी सोडली. टाचणीच्या डोक्यावर मावेल एवढीच भुकटी घेतली, लिटरभर पाण्यात टाकली, बाटली खूप वेळ हलवली. मग त्यातलं पाणी घेऊन पुन्हा तेच सगळं. झाकणातली पट्टी बघायला ताई माझ्या खांद्यावरून वाकली होती. खाली रस्त्यावरून भाजीची गाडी जात होती.

तिसऱ्या मिनिटाला पट्टी पिवळी झाली. पाचव्या मिनिटाला गडद. दहाव्या मिनिटाला तिचा रंग विटेसारखा तपकिरी झाला होता. मी रंगांचा तक्ता तिच्याशेजारी धरला.

"मला वाचता येतं," ताई म्हणाली आणि तक्ता माझ्या हातातून घेतला. "पिण्याच्या पाण्यात किती चालतं?"

"दहा."

तिनं पट्टी एकेक रंगाशेजारी सरकवत नेली. पन्नास. शंभर. अडीचशे. पाचशेला थांबली. त्यापुढं तक्ता नव्हता.

"कशाचं आहे हे?"

"आर्सेनिक. सोमल. जनावरात पेंढा भरताना कातड्याला आतून सोमलाचा साबण लावायचे. किडे लागू नयेत म्हणून."

ताईनं पट्टी उन्हात धरून एकदा बघितली, मग उलटी करून बघितली.

"म्हणून चांदणीला कसर लागत नाही," ती म्हणाली.

"हो."

"आणि हे एवढंसं, टाचणीवरचं. त्यांचं तर पूर्ण बोट असतं."

"ताई, रिक्षा बोलावते. पट्टी, पुडी, सगळं बरोबर घे."

ती आत गेली. रेवाला उचललं. दाराशी येऊन चप्पल घालताना ती मधेच थांबली.

"दर वेळी मीच सांगते तिला," ती म्हणाली. "आ कर म्हणून."

सिव्हिलमधले डॉक्टर तरुण होते. पट्टी बघून त्यांनी आम्हाला बसायलाही सांगितलं नाही, थेट वॉर्डात नेलं. औषध मानगिरीत मिळालं नाही. भाओजी रातोरात गाडी करून जिल्ह्याच्या गावी गेले आणि घेऊन आले. आठवडाभर इंजेक्शनं चालली. मांडीला सुई टोचली की रेवा फक्त तोंड वाकडं करायची, आवाज करायचीही ताकद नव्हती. डॉक्टर मला व्हरांड्यात म्हणाले, "अकरा पुरे झाले असते तर तुम्ही तिला घेऊन इथं आला नसता."

पुढच्या शनिवारी सकाळी सातला ताईनं मला उठवलं. रेवाजवळ भाओजी होते.

"पागेत जायचंय."

"संग्रहालयाच्या विश्वस्तांना मी काल भेटलेय. भुकटीचा प्रयोगशाळेतला अहवाल आला की ते—"

"अहवाल कधी येणार?"

"गुरुवारपर्यंत."

"आज शनिवार आहे," ताई म्हणाली.

दालनात त्या दिवशी आठ बायका होत्या. ताई ओळीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, वर्गात उभी राहते तशी. तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतली तपकिरी पट्टी वर धरली आणि काय झालं ते सांगितलं. न रडता, न ओरडता, एकेक पायरी. सोमल म्हणजे काय, रेवा कुठं आहे, सगळं.

कुणीच हललं नाही. मग पुढची बाई, जिच्याकडे सहा-सात महिन्यांचं बाळ होतं, ती म्हणाली, "बाई, तुमचीला गुण आला नाही, वाईट झालं. पण दुसऱ्यांच्या पोरांच्या आड का येता?"

"गुणाचा प्रश्न नाही. हे विष आहे."

"माझ्या थोरल्याला इथंच वाचा आली. तो कुठं मेला?"

मागून कुणीतरी म्हणालं, "शाळेतल्या बाई आहेत. त्यांना सगळंच ठाऊक."

काका घोडीच्या पलीकडे उभे होते, हातात खरारा. चिडले नव्हते. उलट त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. "वृंदा," ते म्हणाले, "पहिल्या शनिवारी तुझ्या पोरीनं चार पावलं टाकली. तू पेढे घेऊन आली होतीस. ती कुणामुळं टाकली?"

चार पावलं टाकली होती हे खरंच होतं.

ती गप्प झालेली बघून पुढच्या बाईनं बाळ पोटाखालून दिलं. काकांनी घेतलं, परत दिलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्यांचं बोट शिवणीत गेलं आणि पांढरं होऊन बाहेर आलं. बाळानं आपणहून तोंड उघडलं, त्या वयाची मुलं बोट दिसलं की उघडतात तसं.

ताईनं मधे हात घातला. काकांचं बोट तिच्या पालथ्या हातावर टेकलं.

बाळाच्या आईनं बाळ घट्ट धरलं, ताईकडे न बघता ती घोडीच्या मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली. "काका, इकडून द्या," ती म्हणाली.

काकांनी दिलं.

मी त्यांचा हात धरला. दाणेदार, खरखरीत, कोरडा. "काका, हे घट्टे नाहीत. एकदा डॉक्टरांना दाखवा."

"बाळ," ते म्हणाले आणि त्यांनी हात हळूच सोडवून घेतला, "माझ्या बापाचे हात असेच होते, आणि तो पागेचा माणूस होता. तू दाखव तुझे हात. मऊ आहेत."

ताईनं घरी येऊन साबणानं हात धुतला. पाच मिनिटांनी पुन्हा धुतला. दुपारपर्यंत ती धूत होती.

गुरुवारी अहवाल आला, तो मी स्वतः विश्वस्तांकडे नेला. चिटणीसांनी तो दोनदा वाचला आणि त्याच दिवशी दालनाला कुलूप लावलं. महिन्याभरानं त्यांचा नागपूरला फोन आला. घोडीची शिवण नायलॉनच्या दोऱ्यानं पूर्ण बंद केली होती, चारी बाजूंनी काच बसवली होती, काचेवर पाटी लावली होती. "मुंगीला शिरायला जागा ठेवलेली नाही," ते म्हणाले. मी त्यांचे आभार मानले.

याला आठ वर्षं झाली. रेवा चालते. डावं पाऊल टाकताना चवडा जरा उंच उचलते, नाहीतर तो फरशीला अडकतो. सायकल शिकली. सगळी गोष्ट तिला माहीत आहे, ताईनं काहीच लपवलेलं नाही. गेल्या दिवाळीत मी मानगिरीला गेले तेव्हा ती म्हणाली, "मावशी, मला ती घोडी बघायचीय. आई नेत नाही."

मंगळवार होता, पागेत कुणी नव्हतं. तिकिटाच्या खिडकीत एक तरुण बाई मोबाइल बघत होती.

"दौलतकाका?" मी विचारलं.

"ते वारले की. चार वर्षं झाली. कातडीचा काहीतरी कॅन्सर होता, हातापासून सुरू झाला." तिनं तिकिटं फाडली. "शनिवारी यायचं ना. मंगळवारी काय बघणार?"

"शनिवारी काय असतं?"

"काही नाही. शनिवारी आम्ही दोन तास लवकर उघडतो. लोकांना कामावर जायचं असतं."

खोगिरं अजून तेवीसच होती. मखमली झूल काढून टाकली होती. घोडी काचेत उभी होती, पांढरी, अखंड, आणि काचेवर पाटी होती: हात लावू नये. चौथऱ्यावर पतंग पडले होते. रेवा ते मोजायला लागली, तेव्हा मी तिला दारापाशी जाऊन उभं राहायला सांगितलं.

मी मागच्या बाजूला गेले. भिंतीकडची काच सरकत होती. तिची कड माणसाच्या हातांनी गुळगुळीत झाली होती, आणि तिथं काचेवर ठसे होते. माझ्या खांद्याच्या उंचीवर मोठे. त्यांच्या खाली, कमरेच्या उंचीवर, लहान.

"मावशी, पट्टी हवी?" रेवानं दारातून विचारलं. शाळेची कंपासपेटी तिच्या पिशवीत होती.

"तिथूनच फेक."

तिनं फेकली. पंधरा सेंटीमीटरची, पारदर्शक. मी हातमोजा चढवला, नाका-तोंडाला रुमाल बांधला आणि काच सरकवून हात आत घातला. नायलॉनचा दोरा शिवणीत तुकड्यातुकड्यांनी लोंबत होता, कापलेला. चामड्याच्या कडा मऊ आणि काळ्या झाल्या होत्या. मी पट्टी लावली. मग जिथं ती संपली तिथं अंगठ्याच्या नखानं खूण धरून पुन्हा लावली.

"तेव्हा सात होती ना?" रेवानं विचारलं.

"हो."

"आणि आता?"

"तेवीस सेंटीमीटर."